मुरगळल्या पायानं सातारा-सांगली

सातारा-सांगलीकडे लोक जातात ते गड बघायला, नवस फेडायला, नाहीतर गुळाचा सौदा करायला. मी गेलो एका मुलीचे पाय बघायला. हे वाचून कुणी नाक मुरडू नये. आमच्याकडे मुलगी बघायला गेलं की चहा-पोहे झाल्यावर कुणीतरी वडीलधारा माणूस खाकरतो आणि म्हणतो, "बाळ, जरा चालून दाखव." पाऊल सरळ पडतं का, टाच नीट टेकते का, पायगुण बरा दिसतो का, हे बघायचं असतं. आमच्या भावकीत हे वाक्य म्हणण्याचा मान बरीच वर्षं माझ्याकडे आहे.

हा मान मला उगीच मिळालेला नाही. पायांची निगा हा माझा छंद आहे, आणि तो मी बारा महिने पाळतो. थंडीत टाचांना भेगा पडू नयेत म्हणून झोपताना कोकमाचं तेल पातळ करून चोळायचं. उन्हाळ्यात तळव्यांची आग होते, तेव्हा तूप लावून काशाच्या वाटीनं तळवे घासायचे. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, म्हणून बाहेरून आलं की बेचक्या कोरड्या पुसायच्या आणि वर मेंदीचा लेप द्यायचा. घोट्यांसाठी रोज सकाळी भिंतीला धरून टाचा वर-खाली करायच्या. हे सगळं मी आळीतल्या प्रत्येकाला न विचारता सांगितलेलं आहे. माझी बायको म्हणते, "तुमच्या पायांना काय धाड भरलीय? कचेरीत खुर्चीखाली लोंबकळत बसण्यापलीकडं त्यांनी जन्मात केलंय काय!" तिचं म्हणणं खोटं नाही. वापरले नाहीत म्हणूनच ते इतके शाबूत राहिले होते.

तर मधूसाठी मुलगी बघायची होती. मधू माझा पुतण्या. थोरला भाऊ लवकर गेला, तेव्हापासून हा पोर माझ्या घरात वाढला. आता तो पुण्यात टेलिफोन खात्यात आहे. पगार बेताचा, स्वभाव गरीब, दिवसभर लोकांची बोलणी जुळवून देतो आणि स्वतः मात्र विचारल्याशिवाय बोलत नाही. लोणंदला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे अक्कानं, कृष्णाकाठचं एक स्थळ सुचवलं. बाप पलटणीतून हवालदार होऊन घरी आलेला, घरचा ऊस, आणि मुलगी सांगलीला कॉलेजात शेवटच्या वर्षाला. निघताना बायकोनं एवढंच बजावलं, "तिचे पाय बघा, पण स्वतःच्या पायाखालीही बघा." मी हसण्यावारी नेलं. माघाचे दिवस होते आणि हवा चालायला फार छान होती.

लोणंद

लोणंदचा फलाट बुटका आहे आणि डब्याची पायरी उंच. गाडी थांबली तेव्हा मी दारात उभा राहून मधूला समजावत होतो की उतरताना आधी बोटं टेकवावीत, मग टाच, कारण घोटा म्हणजे शरीराची बिजागरी, ती एकदा निखळली की दार कधी नीट लागत नाही. हे सांगत सांगत मी डावा पाय खाली टाकला. लोणंद हे कांद्याचं गाव. फलाटावर फुटक्या पोत्यातून ओघळलेले कांदे पडलेले होते, त्यातला एक नेमका माझ्या बोटांखाली आला. आधी बोटं टेकली, मग टाच टेकायच्या ऐवजी मी सगळाच टेकलो. मधूनं मला उचललं. उचलताना त्याच्या गालाला हलकीशी खळी पडली होती ती मी बघितली.

अक्का स्टेशनावर आली होती. माझं वय पंचावन्नाच्या पुढे आहे, पण ती मला अजून बाळ्याच म्हणते.

"आरं बाळ्या, लोकं कांदा कापताना रडत्यात. तू नुसता पाय देऊन रडलास व्हय रं!"

घरी नेऊन तिनं आंबेहळद आणि तुरटीचा ऊन लेप डाव्या घोट्यावर थापला आणि जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधला. जेवायला बाजरीची भाकरी, कांद्याची पात घातलेलं पिठलं आणि ठेचा होता. पुण्यात आम्ही कांदा चवीपुरता घालतो, इथे पीठ चवीपुरतं घालतात. मी पाय उशीवर ठेवून दोन माणसांचं जेवलो. अक्का म्हणाली, दोन दिवस पडून राहा, पुढच्या आठवड्यात जा. पण पाव्हण्यांना कळवलेलं होतं, आणि पायांच्या जाणकारानं पायासाठी अडून बसायचं हे मला पटेना.

सातारा

साताऱ्याला एस. टी. स्टँडजवळच्या खाणावळीत उतरलो. मी ठरवून आलो होतो की अजिंक्यतारा चढायचा, वर जाऊन मधूला चढणीवर पाय कसा टाकावा हे दाखवायचं. आता मी खिडकीत बसून मिठाच्या ऊन पाण्यात पाय घालून किल्ला बघत होतो. समोर कंदी पेढ्यांचा पुडा होता. पुण्याचा पेढा मऊ आणि गोड, हा खरपूस आणि रवाळ. किल्ला बघून होईपर्यंत पुडाही संपला.

मधूला मात्र मी पाठवलं, आणि पाठवण्याआधी एक शहाणपण केलं. बाजारात नेऊन त्याला करकरत्या नव्या वहाणा घेऊन दिल्या. सोयऱ्यांच्या अंगणात शिरताना वहाणांची करकर ऐकू आली पाहिजे, नाहीतर घरचे म्हणतील नवरदेव मागून आणलेल्या चपला घालून आलाय. आता नवी वहाण एरंडेल पाजून, घरात थोडी थोडी घालून, मग बाहेर काढायची, हा नियम आळीत मीच सर्वांना शिकवला आहे. पण मला करकर हवी होती. मधू गडावर गेला आणि संध्याकाळी वहाणा हातात घेऊन परत आला. टाचेवर आणि अंगठ्याच्या मुळाशी मोठे फोड. वहाण चावली होती, आणि चांगलीच चावली होती.

"काका, वहाणा मस्त वाजतात," तो एवढंच म्हणाला.

कृष्णाकाठ

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. भिलवडीच्या अलीकडचं, नदीकाठचं गाव, दोन्ही बाजूंना ऊस, आणि एस. टी.तून उतरलं की गुऱ्हाळाचा वास. हवालदार बैलगाडी घेऊन फाट्यावर उभे होते. पांढऱ्या मिशा वर वळवलेल्या, पाठ ताठ, फेटा इस्त्री केल्यासारखा. जिल्ह्याचं नाव बदलून सांगली झालं त्याला बरेच दिवस झाले, पण हवालदार अजून "आमचा दक्षिण सातारा" असंच म्हणत होते. आम्ही दोघं एकमेकांना धरून उतरलो. माझा डावा पाय कामाचा नव्हता, मधूचा उजवा. दोघांचं मिळून एक धड माणूस होत होतं.

पुण्यात पाहुणा आला की त्याला खुर्ची देतात. इकडे आधी पाय धुवायला पाणी देतात. ही रीत मला एरवी फार आवडते. त्या दिवशी मात्र दारात घंगाळाजवळ उभे राहून आम्ही वहाणा काढल्या, धोतर-विजारी वर सरकवल्या, आणि सगळं अंगण आमच्या पायांकडे बघायला लागलं. माझा घोटा कृष्णाकाठच्या वांग्याएवढा झाला होता आणि त्याचा रंगही तोच होता. मधूच्या टाचेवरचे फोड फुटले होते. दाराआडून बायकांची कुजबुज ऐकू आली. हवालदारांनी तांब्या खाली ठेवला.

"पाव्हणं, रागावू नगासा, पर येक इचारतू. ही लंगड तुमच्या घराण्यात हाय का?"

मी कांद्याची गोष्ट सांगितली. मधूनं वहाणा दाखवल्या. दोन माणसं, दोन निरनिराळे पाय, दोन निरनिराळी कारणं, आणि दोन्ही एकाच प्रवासात. मलासुद्धा ते खोटं वाटायला लागलं. हवालदारांना तर वाटलंच.

"तसं आसंल तर आसंल. पर पोरगी द्यायची म्हंजी बघाय पायजे. जरा चालून दावा."

ज्या वाक्यासाठी मी पुण्याहून आलो होतो ते माझ्या आधी त्यांनीच म्हटलं. मग आम्ही अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. आधी मी, मग मधू, मग हवालदारांच्या सांगण्यावरून दोघं बरोबर. ते "येक-दो, येक-दो" म्हणत होते. भिंतीवर चढून बसलेली पोरं हसत होती. आजवर माझ्या सांगण्यावरून किती मुली मान खाली घालून अशा चालल्या असतील, हे तेव्हा माझ्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

परेड संपली आणि हवालदारांनी आम्हाला ओसरीवर बसवून पाय हातात घेतले.

"पलटणीत आमचं फूट इन्स्पेक्शन व्हायचं. साहेब स्वता बोटांच्या बेचक्यात बघायचा. फोड आला तर गुन्हा जवानाचा. ब्रह्मदेशात पावसा-चिखलात आमी महिनंच्या महिनं काढलं. गोळी न लागता, नुसतं पाय कुजून मागं ऱ्हायलेली मानसं म्या बघितल्यात."

हे सांगताना त्यांचा आवाज खाली आला होता, आणि मी माझ्या काशाच्या वाटीची गोष्ट सांगणार होतो ती गिळली. पण फार वेळ नाही. अक्कानं बरोबर दिलेला लेप मी घोट्यावर पुन्हा थापायला लागलो, तो त्यांनी खरवडून काढला, तेव्हा मी म्हणालो, लेप राहू द्या. ते म्हणाले, लेप बायकांचं काम, आणि पायावर गार पाणी ओतलं. मी म्हणालो, गार पाण्यानं सूज वाढेल. ते म्हणाले, पलटणीत वाढत न्हाई. शेवटी त्यांनी ट्रंकेतून जुनी खाकी पट्टी काढून माझा घोटा इतका आवळून बांधला की माझ्या बोटांना मुंग्या आल्या. पायांचे दोन जाणकार एका पायावर तुटून पडले की पायाचं काय होतं ते मी त्या दिवशी शिकलो.

एवढ्यात पोहे आले. पोहे घेऊन आली ती शालन, म्हणजे जिला आम्ही बघायला आलो होतो ती. सावळी, उंच, डोळे मोकळे. सवयीनं माझी नजर तिच्या पायांकडे गेली. पाऊल सरळ पडत होतं, टाच नीट टेकत होती. मान वर केली तर ती माझ्या खाकी घोट्याकडे बघत होती. आम्ही दोघांनी एकदमच नजरा काढून घेतल्या.

तेवढ्यात अंगणातून हाक आली. एक म्हातारा कंबर धरून वाकून उभा होता, खांद्यावर घोंगडी, डोक्याला लाल पागोटं. जतकडचा धनगर होता, बोलण्यात निम्मं कानडी.

"पायाळू हुडगी हितंच हाय न्हवं? कंबर धरलीया बगा. लय लांबनं आलो."

शालनच्या आईनं पदर तोंडावर धरला. हवालदारांच्या मिशा मला पहिल्यांदाच खाली आल्यासारख्या वाटल्या. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: हुडगी म्हणजे कानडीत मुलगी, आणि जे मूल जन्मताना डोक्याऐवजी पायांनी बाहेर येतं त्याला पायाळू म्हणतात. अशा माणसानं लचकलेल्या, धरलेल्या जागी पाय लावला की दुखणं जातं, असं आमच्याकडे घरोघर मानतात. आणि पायाळूवर वीज पडते, असंही मानतात. ही गोष्ट त्यांनी आमच्यापासून लपवून ठेवली होती, आणि ती जतहून चालत त्यांच्या अंगणात आली होती.

शालननं पोह्यांचं ताट खाली ठेवलं. ती अंगणात गेली. म्हातारा घोंगडी अंथरून पालथा पडला. तिनं त्याच्या कंबरेवर पाऊल हलकेच टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. तिच्या तोंडावर राग नव्हता आणि माया पण नव्हती. कचेरीत शिक्का मारताना माझं तोंड असं असतं. म्हातारा उठला तो आला त्यापेक्षा सरळ. त्यानं धोतराच्या सोग्यातून भुईमुगाच्या शेंगा सोडून ओट्यावर ठेवल्या, तिला हात जोडले आणि गेला.

मी शास्त्र मानणारा माणूस आहे. म्हातारा घटकाभर पालथा पडला, त्या विसाव्यानंच त्याला बरं वाटलं, हे मी मनात लगेच ठरवलं. पण पट्टीच्या आत घोटा ठणकत होता, आणि ठणक्यापुढे माझं शास्त्र फार वेळ टिकत नाही. मी पाय पुढे केला.

"पोरी, आता लावलाच आहेस, तर इकडेही लाव."

"न्हाई," ती म्हणाली.

"शालन!" हवालदार ओरडले.

"न्हाई, दादा. ह्यो म्हातारा औषधाला आला हुता. हे मला बघाय आल्यात. ह्यांच्या पायाला पाय लावून मला पसंत करून घ्यायचं न्हाई."

ती आत निघून गेली. हवालदार माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाव्हणं, तुमी मोडलं म्हणाला तरी आमचा राग न्हाई. ह्याच्या आधीबी मोडलंय." एवढा वेळ "येक-दो" म्हणणारा माणूस तो. मला फार वाईट वाटलं, आणि पुढे केलेला पाय कुठे लपवावा ते कळेना.

तेव्हा मधू बोलला. दिवसभरात तो आपणहून बोलला ते एवढंच.

"काका, पोहे चांगले झालेत."

मी त्याला लहानपणापासून ओळखतो. एवढं भरभरून त्यानं कशाचंच कौतुक केलेलं नाही.

विश्रामबाग

दुसऱ्या दिवशी आम्हाला मिरजेला गाडी धरायची होती. शालनलाही कॉलेजला परतायचं होतं. सांगलीत विश्रामबागेत तिचे मामा राहतात, त्यांच्याकडे राहून ती शिकत होती. मामा न्यायला आले होते, त्यांनी आम्हालाही चहाला थांबवलं. टुमदार घर, दारात बोगनवेल, रस्त्यानं सायकलवरून जाणारी कॉलेजची पोरं. पाय धुवायला पाणी कुणी दिलं नाही, सरळ खुर्च्या दिल्या. आणि मला हायसं वाटलं. चहाबरोबर भडंग आलं. लसणीचा आणि मेतकुटाचा वास असलेले ते चुरमुरे मी एका हातानं खात होतो आणि दुसऱ्या हातानं हवालदारांची पट्टी सैल करत होतो.

शालन मामींच्या शेजारी येऊन बसली. मामांशी ती अगदी पुस्तकी शुद्ध बोलत होती. आमच्याशी बोलायला लागली तशी हळूहळू घरच्या बोलीवर आली.

"काका, काल मी उलटून बोलले, ते चुकलं आसंल. पर सगळं सांगून टाकते. गावात मला शालन म्हणून कुणी हाक मारत न्हाई. 'पायाळूला बोलव' म्हणत्यात. कुणाची मान, कुणाची कंबर. जेवणावरनं उठवत्यात. आन आभाळ गडगडलं का मला उतरंडीआड कोंडत्यात. हितं कॉलेजात कुणालाच ठावं न्हाई. हितं पावसात मी मैतरणींबरोबर भिजत येते आन काय व्हत न्हाई."

"आधी मोडलं म्हणाले, ते यामुळेच?" मी विचारलं.

"एका स्थळानं इजंच्या भ्यानं मोडलं. दुसऱ्यांनी मातूर लगीच व्हय म्हटलं. दादा लय खूश. मागनं कळलं, तिथल्या सासऱ्याची कंबर बारमाही धरलेली हाय. त्यास्नी सून नगं हुती, औषध पायजे हुतं. तवा मीच न्हाई म्हटलं." मग मधूकडे न बघता, पण त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "माझी येकच अट हाय. पुण्यात ही गोष्ट कुणाला सांगायची न्हाई, आन कुणी मला पाय लावाय सांगायचं न्हाई. तुमच्या घरात आले का माझं पाय माझं."

मधूचे कान लाल झाले होते. त्यानं मान डोलावली, आणि एकदा डोलावलेली कुणी बघितली नसेल म्हणून परत डोलावली. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले, कारण शब्द द्यायचा तो घरच्या वडीलधाऱ्यानं. मी डाव्या घोट्याकडे बघितलं. आदल्या दिवशी तो मीच पुढे केला होता. मी म्हणालो, "शब्द दिला." चालून दाखव, हे म्हणायचं राहूनच गेलं, आणि मिरजेची गाडी सुटेपर्यंत ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

पुणे

परीक्षा झाल्यावर वैशाखात लग्न झालं. शालन आमच्या घरात आली, आणि माझा घोटाही घरच्यासारखाच राहिला. लोणंदला पडून राहायचं ते राहिलो नाही, वर अंगणात परेड केली, लेप काढला, पट्टी आवळली; मग तो कसा बरा व्हावा? उन्हाळाभर अधूनमधून दुखे. पावसाळी हवेत तर चांगलाच धरे. माझा बारमाही नेम आता एकट्या डाव्या पायासाठी चालू होता, आणि आळीत माझ्या सल्ल्याला कुणी विचारेनासं झालं होतं. शालन कधी कधी म्हणायची, "काका, बसून राहा, सारखं उठू नका." दिलेला शब्द मी पाळला होता. बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि असं माझ्या संसारात पहिल्यांदाच घडलं होतं.

श्रावणात अक्का आली. कंबरेत उसण भरलेली, एक हात पाठीवर. पण तोंड आनंदानं फुललेलं. उंबऱ्यातूनच तिनं सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली.

"आगं, सूनबाई पायाळू हाय म्हणं! लोणंदच्या बाजारात सांगलीकडचा कांदेवाला भेटला, त्यानं सांगितलं. आन तुमी समदी मूग गिळून बसलाय व्हय? बाळ्या, घरात औषध आसून तू लंगडत फिरतुयास!"

बायको माझ्याकडे बघायला लागली. शेजारच्या बायका दारात जमल्या. एकीची मान अवघडलेली होती, एकीचा हात खांद्यापासून उचलत नव्हता. घटकेपूर्वी या बायकांना काहीही होत नव्हतं. शालन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचं तोंड बघितलं आणि मला तो अंगणातला दिवस आठवला. तेच तोंड, शिक्का मारणाऱ्याचं.

मी म्हणालो, कांदेवाल्याचं काय ऐकतेस, ती तुझ्या-माझ्यासारखीच डोक्याकडून जन्मली आहे. अक्का म्हणाली, "मग लावून बघूया की! घरच्या घरी काय जातंय?" आणि ती सतरंजीवर पालथी पडायच्या बेतात आली.

आता माझ्या लक्षात आलं की अक्का एकदा पालथी पडली की बरी होऊनच उठणार. तिला बरं व्हायची फार हौस आहे. आणि ती उठली की मान, खांदे, कंबरा यांची रांग लागणार ती कायमची. मी घाईनं पाट ओढला आणि डावा पाय त्यावर ठेवला.

"थांब. माझं दुखणं जुनं आहे. आधी माझ्यावर."

शालननं माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. शब्द देणारा म्हातारा सगळ्यांत आधी पाय पुढे करून बसला, हेच तिला दिसलं असणार. तरी ती पुढे आली, माझ्या डाव्या घोट्यावर पाऊल टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं.

"ऊठ," अक्का म्हणाली. "चालून दाव."

मी उठलो. आता खरं ते लिहितो. अक्का हे वाचणार नाही. तिला चष्मा लागला आहे, पण तो घातला की म्हातारपण दिसतं म्हणून ती घालत नाही. मी उठलो तेव्हा घोटा दुखत नव्हता. दोन दिवस घरात बसून होतो म्हणून असेल, ऊन पडलं होतं म्हणून असेल, कशानंही असेल. पाय इतका हलका मला लोणंदच्या फलाटानंतर कधी वाटला नव्हता. मी पहिलं पाऊल टाकलं, आणि लंगडलो. दुसरं टाकलं आणि आणखी लंगडलो. भिंतीपर्यंत जाऊन, तिला धरून, तोंड वाकडं करून परत आलो आणि धपकन पाटावर बसलो.

"काही नाही गं. उलट ठणका वाढलाय."

"हात्तिच्या! नुसतंच नाव व्हय?" अक्काचा फार हिरमोड झाला. ती स्वतःच्या कंबरेला धरून उठली आणि शेकायला वीट तापवा म्हणाली. शेजारणी एकेक करून गेल्या. मान आणि खांदा जाताना बरे होते. बायको विटेसाठी चुलीकडे वळली.

ओटीवर शालन आणि मी राहिलो. ती सतरंजीची घडी घालत होती, आणि घडी काही केल्या नीट बसत नव्हती. मग ती माझ्याजवळ वाकली आणि हलक्या आवाजात, अगदी घरच्या बोलीत म्हणाली,

"काका, लंगडलासा उजव्या पायानं. मुरगळलेला डावा हाय. उद्यापास्नं तेवढं ध्यानात ठेवा."